वरातीमागून घोडं: संगीत, गेम आणि रोजच्या ऐकण्याला एकच इअरबड पुरेल का?

अमळनेरच्या एका मुलाचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: लॅपटॉपवर अहिराणी गाण्यांचे बीट बनवतो, लॅपटॉपला जोडून वाजवायचा छोटा मिडी कीबोर्ड आहे. रात्री मित्रांबरोबर बीजीएमआय हा मोबाइलवरचा बंदुकीचा गेम खेळतो. कॉलेजसाठी रोज अमळनेर-जळगाव रेल्वेने ये-जा करतो. उन्हाळ्यात घरातला कूलर इतका घोंगावतो की काही धड ऐकू येत नाही. सात हजार रुपये जमवलेत, तर या सगळ्याला चालेल असा नॉइज कॅन्सलिंगचा, म्हणजे बाहेरचा गोंगाट दाबणारा, एकच वायरलेस इअरबड सांगा. एलडॅक या ब्लूटूथवर जास्त चांगला आवाज पाठवणाऱ्या पद्धतीसाठी जास्त पैसे मोजावेत का, आणि उजव्या कानातला बड सारखा का गळतो, हेही त्याने विचारलंय.

भाऊ, तू माझ्या पुतण्याच्या वयाचा दिसतोस, म्हणून एकेरीच बोलतो. मी जळगावात अठरा वर्षं साउंडचं काम करतो. आधी लग्नातले ऑर्केस्ट्रा आणि मंडप, आता बरंचसं काम घरच्याच एका खोलीत, गाणी रेकॉर्ड आणि मिक्स करण्याचं. तुझं उत्तर आधीच सांगून टाकतो: एकच बड या सगळ्याला पुरणार नाही. रेल्वे, कूलर आणि रोजची गाणी यांना तो उत्तम. गेमला जेमतेम. आणि कीबोर्डवर बोटं ठेवून काही वाजवायचं असेल तर अजिबात नाही, मग तो दोन हजारांचा असो की पंचवीस हजारांचा.

लग्नाच्या वरातीत कधी लक्ष देऊन पाहिलंस का? डीजेची गाडी मागे, नाचणारी पोरं पुढे. गाडीजवळ नाचणाऱ्याचा पाय ढोलाच्या ठोक्यावर पडतो. पण गाडीपासून साठ-सत्तर मीटर पुढे जे नाचत असतात, त्यांचे पाय गाडीजवळून पाहिलं तर उशिरा पडताना दिसतात. ते चुकत नसतात. आपल्या उन्हाळ्यात आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो, म्हणजे सत्तर मीटरला त्याला ०.२ सेकंद, २०० मिलिसेकंद लागतात. साध्या ब्लूटूथ बडमध्ये आवाज फोनमधून निघून कानात पोहोचायला अंदाजे एवढाच वेळ जातो, दीडशे ते अडीचशे मिलिसेकंद. म्हणजे कीबोर्ड तुझ्या मांडीवर आणि त्याचा स्पीकर गल्लीच्या टोकाला, अशी अवस्था. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

हा वेळ जातो कुठे? फोन आवाजाचे तुकडे करतो, ते कोडेकने, म्हणजे आवाजाची माहिती लहान करायच्या पद्धतीने, दाबतो, रेडिओने पाठवतो, बड ते उघडतो. या कामांना थोडा थोडा वेळ लागतोच, पण खरा वेळ खातो तो साठा. रेडिओत एखादा तुकडा हरवला तर तो पुन्हा मागवेपर्यंत गाणं तुटू नये, म्हणून बड थोडा आवाज आधीच जमवून ठेवतो. आपल्याकडे नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं म्हणून आपण टाकी भरून ठेवतो, तसंच. टाकी मोठी असेल तर पाणी खंडत नाही, पण पिताना ते चार दिवसांपूर्वीचं असतं. बडमध्ये जो 'गेमिंग मोड' असतो तो मुख्यतः हेच करतो, टाकी लहान करतो. आवाज ताजा येतो, आणि गर्दीच्या जागी तुटायलाही लागतो.

मग यूट्यूबवर ओठ आणि आवाज कसे जुळतात, असं तू विचारशील. फोनला ठाऊक असतं की बड इतका उशीर करणार आहे, म्हणून तो चित्रही तेवढंच थांबवून दाखवतो. दोघंही उशिरा, पण बरोबर. चित्र थांबवता येतं, बोट थांबवता येत नाही, सगळी मेख इथेच आहे. जे आधीच तयार आहे ते ऐकायचं किंवा पाहायचं असेल तर ब्लूटूथ बिनधास्त वापर. जे तुझ्या बोटातून किंवा गळ्यातून आत्ता निघतंय, ते ऐकायचं असेल तर वायर.

आकड्यात पाहू. मिनिटाला १२० ठोक्यांचं नाचाचं गाणं धरलं तर एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा. त्याचे चार भाग केले की एकेक १२५ चा. तू ढोलकीचे पटपट बोल याच चार भागांवर वाजवणार, आणि कानात ते दीड भागापेक्षा जास्त उशिराने येणार. काही जण म्हणतात, सवय होते. नाही होत. हात गोंधळतो, मग लय बिघडते, मग माणूस चिडतो. माझ्याकडे एक चांगला कीबोर्डवाला आला होता, लग्नात तीन-तीन तास न चुकता वाजवणारा. त्याने हौसेने स्वतःचे बड लावले, दोन ओळी वाजवल्या आणि म्हणाला, "आवाज मांगून ई ऱ्हायना भो." म्हणजे आवाज मागून येतोय. यंत्र न लावता त्याने लेटन्सी, म्हणजे हा उशीर, मोजली.

कलाकाराला किती उशीर चालतो, याचा अंदाज स्टेजवरून घे. ढोलकीवाला तुझ्यापासून साडेतीन मीटरवर बसला असेल तर त्याचा आवाज तुझ्याकडे १० मिलिसेकंदांनी येतो आणि कुणाचं काही बिघडत नाही. तेवढंच उद्दिष्ट ठेव. वायरचे हेडफोन, साधा ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपला जोडायची आवाजाची पेटी) आणि एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिराने नेणारं सॉफ्टवेअर) असला की १२८ सॅम्पलचा बफर, म्हणजे लॅपटॉपमधली तीच टाकी, ४८ किलोहर्ट्झला २.७ मिलिसेकंदांचा होतो. येणं-जाणं धरूनही गाडी दहाच्या आसपास राहते. इंटरफेस नसेल तरी निदान ड्रायव्हर तरी बदल. विंडोजचा नेहमीचा ड्रायव्हर स्वतःच उशीर करतो आणि लोक बिचाऱ्या हेडफोनला दोष देतात. एएसआयओ-फोर-ऑल फुकट मिळतो, बीट बनवायला एफएल स्टुडिओ वापरत असशील तर त्याचा स्वतःचा ड्रायव्हर सोबतच येतो.

इथे एक गैरसमज काढून टाकतो, कारण दर लग्नसराईत कुणीतरी विचारतंच. मोठ्या कार्यक्रमात गायकांच्या कानात जे असतं ते ब्लूटूथ नसतं. ती वेगळी रेडिओ यंत्रणा असते, कमरेला रिसीव्हर आणि तिथून कानापर्यंत वायर. तिचा उशीर नगण्य असतो. ते पाहून 'गायक वायरलेस वापरतो, मग मी का नको' असं ठरवू नकोस.

रेकॉर्डिंगमध्ये बडचा माइक वापरायचा विचार असेल तर तोही सोड. ब्लूटूथवर माइक चालू झाला की बहुतेक फोन-लॅपटॉप गाण्याच्या रस्त्यावरून उतरून फोन कॉलच्या रस्त्यावर जातात. तिथे आवाज एकाच बाजूचा, म्हणजे मोनो, आणि ८ किंवा १६ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगचा. म्हणजे वरची हद्द चार किंवा आठ किलोहर्ट्झ. टाळ, झांज आणि 'स' यांचं बरंचसं तेज त्याच्याही वर असतं. लॅपटॉपवर गेम खेळताना मित्रांशी बोलायला माइक चालू केला आणि अचानक गेमचा आवाज जुन्या टेलिफोनसारखा झाला, असं तुला जाणवलं असेल. बड बिघडलेला नसतो. लॅपटॉपचाच माइक निवड, गाण्याचा रस्ता परत मिळतो.

मिक्सिंगचं, म्हणजे रेकॉर्ड केलेले सगळे आवाज एकमेकांशी बसवण्याचं, मात्र थोडं वेगळं आहे. तिथे तू वाजवत नसतोस, ऐकत असतोस, मग लेटन्सीचं काही नाही. तरी बडवर मिक्स करू नये, याचा धडा मी स्वतः पैसे घालवून शिकलोय. ऐन लग्नसराईत एका अहिराणी गाण्याचं मिक्स मी प्रवासात, नव्या कोऱ्या बडवर उरकलं. त्या बडमध्ये खालचा आवाज कंपनीनेच फुगवलेला होता. मला वाटलं बेस आणि ढोल जास्त झालेत, म्हणून मी ते उतरवत गेलो. कानात एकदम गोड लागत होतं. आठ दिवसांनी तेच गाणं पारोळ्याच्या एका वरातीत डीजेवर लागलं, आणि पत्र्याच्या डब्यात चमचा वाजवावा तसं वाजलं. नाचणारी पोरं थांबून गाडीकडे बघायला लागली. निर्माता काही बोलला नाही, फक्त पुढचं गाणं दुसरीकडे गेलं.

रोजच्या ऐकण्याचे बहुतेक बड असेच असतात: खालचं वाढवलेलं, वरचं चमकवलेलं, मधला आवाज थोडा मागे. गाणी ऐकायला मजा येते. पण गायकाचा गळा, ढोलकी, शहनाई यांचा जीव त्या मधल्या भागात असतो, आणि तू जे नीट ऐकत नाहीस ते नीट बसवणार कसं? त्यात नॉइज कॅन्सलिंग चालू-बंद केलं की अनेक बडमध्ये बेसची चव बदलते. आणि ज्यात ते 'अ‍ॅडॅप्टिव्ह' आहे, म्हणजे आजूबाजूच्या गोंगाटाप्रमाणे स्वतःच कमी-जास्त होतं, त्यात तर कूलर बंद झाला की तुझ्या मिक्सचा रंगही बदलू शकतो. वजनकाटाच हलता असेल तर माल काय तोलणार?

तरीही बड हवाच, पण शेवटी. आपली गाणी लोक ऐकतात कशावर? मोबाइलच्या स्पीकरवर, चारचाकीत, डीजेवर आणि हजार-दोन हजारांच्या बडवर. म्हणून मिक्स वायरच्या हेडफोनवर पूर्ण कर, मग बड लावून एकदा ऐक, मग मोबाइल टेबलावर ठेवून ऐक. बडवर ऐकताना इक्वलायझर (खालचा-वरचा आवाज कमी-जास्त करणारा), स्पेशल ऑडिओ (आवाज चहूबाजूंनी आल्याचा भास देणारा), बेस बूस्ट सगळं बंद, आणि कॅन्सलिंग एकतर पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद, दरवेळी तेच. तुला पाठ असलेली दोन-तीन गाणी आधी वाजव, मग आपलं. कान जाग्यावर येतो.

आता कूलर. हा तुझ्या प्रश्नातला सगळ्यात सोपा भाग, आणि नॉइज कॅन्सलिंगचं खरं कामही हेच. बडच्या बाहेरचा माइक गोंगाट टिपतो, आत त्याच्या बरोबर उलटी लहर सोडली जाते, दोन्ही एकमेकींना खातात. कल्पना जुनी आहे, पॉल ल्यूग नावाच्या जर्मन माणसाला याचं अमेरिकन पेटंट १९३६ साली मिळालं. चिप एवढी लहान आणि वेगवान व्हायला मात्र नंतर कित्येक दशकं गेली.

हे खालच्या, सलग आवाजावरच का चालतं ते समजून घे, म्हणजे दुकानात कुणी फसवणार नाही. समज उलटी लहर सोडायला फक्त ०.१ मिलिसेकंद उशीर झाला. १०० हर्ट्झच्या घुमणाऱ्या आवाजाचं एक आवर्तन १० मिलिसेकंदांचं असतं, त्यात हा उशीर शंभरावा भाग, कुणाला कळणारही नाही. पण ५,००० हर्ट्झच्या आवाजाचं आवर्तनच ०.२ मिलिसेकंदांचं. तिथे तेवढा उशीर म्हणजे अर्धं आवर्तन, आणि उलटी लहर सुलटी होऊन आवाज कमी करण्याऐवजी वाढवेल. म्हणून साधारण एक किलोहर्ट्झच्या वर यंत्र हात आखडता घेतं आणि तिथलं काम रबराच्या बोंडावर सोडतं. कानात घट्ट बसलेलं बोंड वरचा आवाज अडवतं, चिप खालचा.

तर कूलरच्या पंख्याची घरघर जवळजवळ जाईल. त्याच्या गवतावरून पाणी ठिबकण्याची सळसळ उरेल, पण ती मंद. रेल्वेच्या डब्यातली चाकांची गडगड, एसटीच्या इंजिनाची थरथर, कापसाच्या जिनिंगचा दुरून येणारा घोष, पिठाच्या गिरणीची मोटर, हे सगळं ओसरेल. गिरणीच्या पट्ट्याची किंचाळी ओसरणार नाही. डब्यातला चहावाला, शेजारचं रडणारं बाळ, आईची 'जेवायला ये' ही हाक, हे कमी होईल, जाणार नाही. आणि गल्लीत डीजे उभा असेल तर कुठल्याच बडकडून अपेक्षा ठेवू नकोस. तो आवाज नुसता कानातून येत नाही, छातीतून येतो.

खोक्यावर '५० डीबी', म्हणजे गोंगाट इतके डेसिबल कमी, असं लिहिलेलं असतं. तो आकडा एखाद्या विशिष्ट खालच्या सुरावर मिळालेला सर्वोत्तम आकडा असतो, सगळ्या आवाजावरचा नाही. त्यामुळे '४५ वाला' आणि '५० वाला' यात आकड्यावरून निवड करू नकोस. तीन हजारांचा चांगला बसणारा बड दहा हजारांच्या सैल बसणाऱ्यापेक्षा जास्त शांतता देतो, हे मी अनेकांच्या कानात पाहिलंय.

या शांततेचा एक फायदा जाहिरातीत सांगत नाहीत. डब्यात गोंगाट असला की आपण गाण्याचा आवाज त्याच्या वर नेतो, कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की ८० डेसिबलला आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणं ठीक. ९० ला हीच मर्यादा ४ तासांवर येते. तुझा रोजचा जाण्या-येण्याचा वेळ धरला तर चार तास बुधवारपर्यंतच संपतात. गोंगाट कमी झाला की आवाज आपोआप खाली राहतो. मी स्वतः मंडपात ऐन विशीत स्पीकरसमोर उभा राहिलोय, आता उजव्या कानात रात्री शिट्टी वाजते. तुला मिक्सिंग करायचंय, म्हणजे कान हाच तुझा पोटापाण्याचा धंदा.

स्टेशनवर मात्र कॅन्सलिंग बंद आणि बाहेरचा आवाज आत येऊ देणारा ट्रान्सपरन्सी मोड चालू. गाडी इकडच्या फलाटावर की तिकडच्या, ही घोषणा ऐकू यायला हवी. आणि रूळ ओलांडताना, मोटरसायकलवर, सायकलवर कानात काहीच नको. इलेक्ट्रिक इंजिनाची गाडी किती शांतपणे येते ते तुला सांगायला नको.

गेमकडे वळू, लवकर संपवतो, कारण इथे भावना जास्त आणि मुद्दे कमी. बीजीएमआयमध्ये पावलांचा आवाज २०० मिलिसेकंद उशिरा आला तर समोरचा तोवर भिंत ओलांडून गेलेला असतो. गेमिंग मोड लावला की चांगल्या बडमध्ये उशीर शंभराच्या आत येऊ शकतो. खोक्यावर ४० किंवा ५० लिहिलेलं असतं, पण तो बहुतेक वेळा बडपुरता आकडा असतो, फोन आणि गेमने घेतलेला वेळ त्यात नसतो. मित्रांबरोबर मजेला खेळतोस तर एवढं चालेल. स्पर्धेत उतरायचं असेल तर वायर. दुसरा उपाय म्हणजे सोबत यूएसबी-सी डाँगल, म्हणजे फोनला खोचायचा छोटा तुकडा, येणारे गेमिंगचे बड, ते ब्लूटूथऐवजी स्वतःचा २.४ गिगाहर्ट्झचा रस्ता वापरतात आणि बरेच चपळ असतात. पण तुझ्या बजेटमध्ये त्यातले नॉइज कॅन्सलिंगही चांगलं असणारे मिळणं अवघड. ब्लूटूथचाच नवीन प्रकार एलई ऑडिओ आणि त्याचा एलसी-थ्री कोडेक हा उशीर खरंच कमी करतो, पण फोन आणि बड दोन्हीत तो हवा, एकात असून उपयोग नाही. गेम खेळताना स्पेशल ऑडिओ बंद ठेव, गेमने आधीच दिशा बसवलेली असते, त्यावर दुसरी दिशा चढवली की डावीकडचं पाऊल समोरून आल्यासारखं वाटतं.

एलडॅकबद्दल. हा सोनीचा कोडेक, तीन पायऱ्यांवर चालतो: सेकंदाला ३३०, ६६० किंवा ९९० किलोबिट. सीडीचा प्रवाह १,४११ चा असतो, म्हणजे एलडॅक त्याच्या जवळ जातो, पण सीडी होत नाही. ९९० साठी रेडिओचा रस्ता मोकळा हवा. जळगाव स्टेशनवर संध्याकाळी शेकडो फोन, घड्याळं आणि बड त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गर्दी करतात, तिथे तो गुपचूप खाली उतरतो किंवा आवाज तुटतो. घरी, रात्री, चांगल्या प्रतीची फाइल असेल तर फरक ऐकू येऊ शकतो. पण यूट्यूबवरचं गाणं मुळातच दाबलेलं असतं. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? आयफोन असेल तर विषयच मिटला, तो एलडॅक चालवत नाही, एएसी हा दुसरा कोडेकच देतो, आणि ते चांगलं देतो. तुझ्या किमतीच्या बडमध्ये एलडॅक आयता मिळाला तर घे, त्यासाठी हजार रुपये वेगळे मोजू नकोस. एलडॅक चालू असताना लेटन्सीही वाढते, म्हणून गेमच्या वेळी तो बंद. बऱ्याच बडमध्ये गेमिंग मोड लावला की तो आपोआप बंद होतोच.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते, ती पुण्या-मुंबईच्या लोकांना सुचत नाही: ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो. लिथियम बॅटरीला ४५ च्या वर चार्ज करणं किंवा ठेवणं मानवत नाही. उन्हात उभ्या मोटरसायकलच्या डिकीत, गाडीच्या काचेखाली याहून कितीतरी जास्त तापतं. बडच्या आतली बॅटरी हरभऱ्याएवढी, ती पहिली मरते आणि बदलता येत नाही. डबी खिशात किंवा दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेव, दुपारी कडक उन्हातून आल्याबरोबर चार्जिंगला लावू नकोस. कॅन्सलिंग चालू ठेवून एका चार्जवर पाच-सहा तास मिळत असतील तर तुझ्या प्रवासाला भरपूर झाले. दोन वर्षांनी त्याचे तीन-चार होतील हे धरूनच घे. घामासाठी निदान आयपीएक्स-४, म्हणजे पाण्याचे शिंतोडे सोसण्याची खूण, पाहा. आणि एक बड हळू वाजायला लागला तर दुकानात पळण्याआधी जाळी बघ. माझ्याकडे 'बिघडलेले' म्हणून येणारे बड बहुतेक वेळा नुसते मळलेले असतात. कोरड्या मऊ ब्रशने जाळी खाली धरून झाडायची, पाणी आणि सुई दोन्ही वर्ज्य.

तर सात हजारांचं काय करायचं? दोन भाग कर. साडेतीन-चार हजार बडला. या किमतीत आता वनप्लस, रिअलमी, नथिंगचा सीएमएफ, सॅमसंग, जेबीएल यांचे कॅन्सलिंगवाले बड सेलच्या दिवसांत मिळतात. कुठला घ्यायचा हे नावावरून ठरवू नकोस, तीन गोष्टींवर ठरव: कानात घट्ट बसतो का, अ‍ॅपमधून इक्वलायझर बंद करता येतो का, आणि जळगाव किंवा धुळ्यात त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहे का. पुण्याला कुरिअर करून महिनाभर वाट पाहायची असेल तर वॉरंटी कागदावरच चांगली दिसते. हजाराच्या आतले 'एएनसी', म्हणजे हेच नॉइज कॅन्सलिंग, लिहिलेले बड नको. पुष्कळदा तिथे फक्त कॉलच्या माइकचा गोंगाट कमी होतो, तुझ्या कानाला काही फायदा नसतो. ईएनसी (कॉलच्या माइकसाठीचं) आणि एएनसी (तुझ्या कानासाठीचं) या दोन शब्दांत एकाच अक्षराचा फरक आहे आणि दुकानदार तो सांगत नाही.

उरलेल्या तीन हजारांत वायर. दीड-दोन हजारांच्या आसपास मूनड्रॉपचा चू किंवा सेव्हनहर्ट्झचा झीरो अशा जातीचे वायरचे इन-इअर मिळतात, आणि त्यांचा आवाज या पैशात दहा वर्षांपूर्वी स्वप्नातही नव्हता इतका सरळ असतो. त्यावर बीट बनव, कीबोर्ड वाजव, गेमही खेळ. फोनला हेडफोनचं ३.५ मिलिमीटरचं छिद्र नसेल तर त्यासाठी यूएसबी-सीचा छोटा डॅक, म्हणजे वायरचा हेडफोन जोडायचा तुकडा, घे, पाचशे-हजारात येतो. पुढे पैसे आले की ऑडिओ-टेक्निकाचा एम२०एक्स किंवा एम४०एक्स असा बंद पाठीचा हेडफोन घे. गायकाचं रेकॉर्डिंग करायला तो लागेलच, नाहीतर कानातला ट्रॅक माइकमध्ये उतरतो. सोनीचा एमडीआर-७५०६ हा हेडफोन १९९१ पासून बाजारात आहे आणि स्टुडिओत अजून वापरतात. वायरच्या वस्तूचं आयुष्य असं असतं. 

घेण्याआधी दुकानात दोन परीक्षा कर, दुकानदार कुरकुरला तरी. फोनवर पियानोचं कुठलंही फुकट अ‍ॅप उघड, बड जोड आणि नखाने काचेवर टकटक कर. नखाचा टक आणि पियानोचा सूर यांच्यात जेवढी फट पडते तेवढी ती लेटन्सी. गेमिंग मोड लावून पुन्हा कर, फरक कानाने कळतो. दुसरी परीक्षा टेबलफॅनपुढे: गाणं न लावता बड घाल, कॅन्सलिंग चालू-बंद कर. कानावर दाब आल्यासारखं वाटून गरगरलं तर तो बड तुझ्यासाठी नाही, काही जणांना हे सोसत नाही आणि सवयीनेही जात नाही. ऑनलाइन मागवलास तर परत करायच्या मुदतीत हीच परीक्षा घरच्या कूलरपुढे कर, दिवाळीच्या थंडीत घेतलेल्या बडची खरी परीक्षा एप्रिलला होते आणि तोवर मुदत संपलेली असते.

राहिला उजवा कान. तुझ्या कानात काही दोष नाही, दोन्ही कानांची भोकं बहुतेकांची सारखी नसतात. डबीत तीन मापांची बोंडं येतात, लोक मधलं लावलेलं असतं तेच ठेवतात. उजवीकडे मोठं लावून बघ, डावीकडे आहे तेच राहू दे. बड घातल्यावर जरा मागे फिरवून बसव, मग 'म्म्म' असा आवाज काढ. दोन्ही कानांत तो सारखाच डोक्यात घुमला तर बोंड बसलं. एकीकडे पोकळ वाटला तर तिकडून हवा जातेय, आणि तिकडून बेसही जातोय. मोठंही गळत असेल तर मेमरी फोमची बोंडं घे, दोनशे-तीनशेत जोडी मिळते. घामाने लवकर खराब होतात, पण चघळलेल्या च्युइंगमसारखी कानाच्या आकारात बसतात. मी गेली चार वर्षं उजवीकडे मोठं आणि डावीकडे मधलं वापरतोय, आणि उरलेल्या बोंडांची पुडी टेबलाच्या खणात तशीच पडून आहे.